'त्याचं तुला काय?' : तुलनेच्या ओझ्याखाली दबलेल्या ख्रिस्ती कलावंतासाठी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्राकाठची एक पहाट आहे. जाळ्यात १५३ मोठे मासे आलेत, कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर ठेवलेली आहे. ज्या पेत्राने तीनदा प्रभूला नाकारलं, त्याला प्रभू तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' आणि तीनही वेळा आपली मेंढरं त्याच्या हाती सोपवतो. क्षमा आणि काम त्याला एकाच सकाळी मिळतात. इतकं सगळं पदरात पडल्यावर पेत्र काय करतो? मागे वळून बघतो. मागून योहान येताना दिसतो आणि पेत्र विचारतो, 'प्रभू, ह्याचं काय?'

गाणाऱ्या, लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या, उपासनेत कीबोर्ड किंवा तबला वाजवणाऱ्या, नाताळाची नाटिका बसवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. माझ्या गाण्याचं ठीक आहे, पण हिचं काय? मी दहा वर्षं लिहितोय आणि ह्याचं पहिलंच पुस्तक गाजतंय, त्याचं काय? येशू पेत्राला योहानाच्या भविष्याची काहीच माहिती देत नाही. तो म्हणतो, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये.

ह्या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या उत्तरावर उभ्या आहेत. तुलनेवर एरवी जो सल्ला मिळतो, तो 'स्वतःवर विश्वास ठेव, तू कुणापेक्षा कमी नाहीस' अशा धर्तीचा असतो. मला तो अपुरा वाटतो. 'कमी नाहीस' हे वाक्यसुद्धा मोजमापच करतं, आणि उद्या खरोखर वरचढ माणूस भेटला की कोसळतं. प्रभू पेत्राला 'तू योहानाइतकाच चांगला आहेस' असं सांगत नाही. तो पेत्राची नजर योहानावरून काढून स्वतःकडे वळवतो.

एक साधी वही घ्या. पहिल्या तीन पायऱ्या क्रमाने करा, घाई न करता. पुढच्या पायऱ्या गरजेप्रमाणे मागेपुढे केल्या तरी चालतील.

पहिली पायरी : नेमकं काय सलतंय ते लिहा

'मला तिचा हेवा वाटतो' एवढं लिहून भागत नाही. हेवा कशाचा, हे शोधावं लागतं, कारण प्रत्येक प्रकारावर उपाय वेगळा आहे. वहीत त्या माणसाचं नाव लिहा आणि खाली स्वतःला विचारा : मला तिचं कौशल्य हवंय, तिला मिळणारी दाद हवीय, की तिची परिस्थिती हवीय?

कौशल्य सलत असेल तर ते सगळ्यांत सोपं दुखणं. तिचा वरचा षड्ज स्थिर लागतो, माझा हलतो. ह्यावर रियाज हे औषध आहे, आणि त्याबद्दल सहाव्या पायरीत बोलू.

दाद सलत असेल तर ते खोलवरचं आहे. तिला बाहेरच्या मंडळ्यांतून बोलावणं येतं, मला आमच्याच मंडळीत कुणी विचारत नाही. इथे रियाज वाढवून काही होत नाही, कारण भूक वेगळ्याच गोष्टीची आहे. तिच्यासाठी तिसरी पायरी आहे.

परिस्थिती सलत असेल तर प्रामाणिकपणे थांबून विचार करा. त्याला घरात स्वतंत्र खोली आहे, चांगला मायक्रोफोन आहे, पोटापाण्याची चिंता नाही. तुम्ही शिफ्ट संपवून, मुलांना झोपवून रात्री अकराला वही उघडता. ह्यातला फरक खरा आहे. त्याला 'मत्सर' म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. त्यात दुःखाचा भाग आहे आणि कधीकधी अन्यायाचाही. दरवर्षी नाताळात त्याच एका घरातल्या मुलांना एकल गीत मिळत असेल, तर ते पाळकांशी किंवा गायकवृंदाच्या प्रमुखांशी शांतपणे बोलायला हवं. मनातली कटुता आणि खरी तक्रार ह्यांची सरमिसळ झाली की दोन्ही वाढतात. कागदावर त्या वेगळ्या होतात.

हा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. आपण सहसा लांबच्या थोर कलावंताशी तुलना करत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी करतो. पेत्रानेही योहानाकडेच पाहिलं. एकाच व्यवसायातले, एकाच गुरूचे, एकाच होडीतले दोघे. म्हणून हेवा वाटतो त्या माणसाचं नाव बहुतेक वेळा आपल्याच गायकवृंदात, आपल्याच लेखकमंडळात सापडतं. त्याची लाज वाटू देऊ नका.

दुसरी पायरी : आसाफासारखं देवासमोर बोला

ही पायरी लोक गाळतात. ख्रिस्ती माणसाला हेवा वाटता कामा नये असं आपण इतक्या लहानपणापासून ऐकलेलं असतं की प्रार्थनेतसुद्धा आपण तो लपवतो. आणि मग तो आडवाटेने बाहेर येतो. कौतुक करताना जीभ जड होते, 'छान गायली, पण…' असं वाक्य निघतं.

स्तोत्रसंहितेतलं ७३ वं स्तोत्र ह्यासाठी उघडा. ते आसाफाचं आहे. आसाफ स्वतः कलावंत. दाविदाने कराराच्या कोशापुढे सेवेला नेमलेल्या वादकांचा तो मुख्य, झांजा वाजवणारा. त्याचा हेवा दुसऱ्या गायकाबद्दल नव्हता, उन्मत्त आणि सुखात लोळणाऱ्या लोकांबद्दल होता. पण कबुली किती उघडी आहे पाहा : माझे पाय घसरण्याच्या बेताला आले होते, मला हेवा वाटला. पुढे तो म्हणतो, मी माझं मन उगाच शुद्ध ठेवलं. देवाच्या मंदिरातला प्रमुख वादक हे म्हणतो, आणि ते त्याच मंदिराच्या उपासनेत गायलं जातं! ही गोष्ट मला फार धीर देते. देवाने ही तक्रार खोडून टाकली नाही, पवित्र शास्त्रात ठेवली.

आता त्याच घडणीत तुम्ही लिहा. सुबक होण्याची गरज नाही, कुणाला दाखवायचंही नाही. आधी देव चांगला आहे हे एका ओळीत, कारण आसाफही तिथूनच सुरुवात करतो. मग तक्रार, नावांसकट, जशी आहे तशी. ही जागा लांबू द्या. त्याच्या स्तोत्रातही ती लांबलचक आहे. मग १७ व्या ओवीपाशी थांबा. तिथे तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि त्याची दृष्टी बदलते. त्याची परिस्थिती बदलल्याचं स्तोत्रात कुठेही म्हटलेलं नाही. तुम्हीही लिहिणं थांबवून काही वेळ नुसते देवासमोर बसा. त्यानंतर जे सुचेल ते लिहा. काही दिवस काहीच सुचणार नाही, तक्रारीवरच पान संपेल. तसंच बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.

ज्यांचा हात शब्दांत चालत नाही त्यांनी चित्रात करावं, किंवा तानपुऱ्यावर बसून नुसत्या आलापात. तक्रारीला तुमच्याच माध्यमात वाट मिळाली की ती कामाच्या आड येत नाही, कामात उतरते.

तिसरी पायरी : आधी लेकरू, मग कलावंत

यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आकाशातून वाणी येते : हा माझा प्रिय पुत्र आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायातला हा क्षण कधीचा आहे ते बघा. त्याच्या सेवेला अजून सुरुवात झालेली नाही. डोंगरावरचं प्रवचन पुढे आहे, रोग्यांना बरं करणं पुढे आहे. पित्याचा संतोष कामगिरीच्या आधी बोलून दाखवला गेला.

रोज कामाला बसण्यापूर्वी हे वचन मोठ्याने वाचा आणि मग एक मिनिट गप्प राहा. वहीच्या पहिल्या पानावर इफिसकरांस पत्रातलं २:१० लिहून ठेवा : आपण त्याची हस्तकृती आहोत. तुम्ही कृती करणारे आहात, पण त्याआधी तुम्ही स्वतः कुणाची तरी कृती आहात. दादेची भूक ह्याने एका दिवसात जात नाही. पण पोटात काही असलं की माणूस दारोदार हात पसरत नाही.

चौथी पायरी : आपलं काम एका वाक्यात ठरवा

तुलना बहुतेक वेळा तिथे वाढते जिथे आपलं काम काय हेच ठरलेलं नसतं. सगळ्यांचं सगळं आपल्यालाही जमायला हवं असं वाटत राहतं.

निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कारागिरांची नावं सांगतो. यहूदा वंशातला ऊरीचा मुलगा बसालेल, ह्याला देवाने आपल्या आत्म्याने भरलं : सोनं, रुपं, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीव काम ह्यांसाठी. त्याच्या सोबतीला दान वंशातला अहलियाब. ३८ व्या अध्यायात कळतं की अहलियाब कोरीव कामात आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताच्या भरतकामात निष्णात होता. बसालेलाचं नाव आधी येतं, त्याच्याबद्दल जास्त लिहिलं आहे. पण निवासमंडपाचे पडदे सोन्याचे करून चालले नसते. ३५ व्या अध्यायात दोघांनाही दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धी दिल्याचं सांगितलं आहे, आणि त्याच अध्यायात आपल्या हातांनी सूत काततात त्या बायकांचाही उल्लेख आहे. त्यांची नावं मात्र लिहिलेली नाहीत. त्यांच्या सुताशिवाय अहलियाब काय भरणार होता?

म्हणून वहीत एक वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी असाव्यात : मी काय करतो, कुणासाठी, कोणत्या साधनाने, आणि येत्या वर्षात कुठपर्यंत. 'मी उत्तम गायिका होईन' हे वाक्य कामाचं नाही, कारण 'उत्तम' म्हटलं की कुणापेक्षा हा प्रश्न आलाच. 'आमच्या मंडळीतल्या वृद्धांना जुनी मराठी गीतं ऐकायला आवडतात. ह्या वर्षी त्यांतली बारा गीतं मी नीट बसवून त्यांच्या घरी जाऊन गाईन' हे वाक्य पाहा. ह्यात तुलनेला शिरायला जागाच कमी आहे. चित्रकाराचं वाक्य असं होऊ शकेल : 'संडे स्कूलच्या मुलांसाठी येशूच्या दाखल्यांची चित्रं, जलरंगात, आपल्याकडच्या शेतांची आणि माणसांची.'

तालांतांच्या दाखल्याची इथे आठवण होते. धनी आपला पैसा तीन चाकरांकडे सोपवतो : एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. आपल्याला वाटतं एक तालांत म्हणजे चिल्लर. पण एक तालांत साधारण ६००० दिनारांचा, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी मिळालं त्याच्या हातातही जवळपास वीस वर्षांची कमाई होती. ती त्याने पुरून ठेवली. त्याने शेजाऱ्याचे पाच मोजले असं दाखल्यात म्हटलेलं नाही. तो धन्याला भ्याला, असं म्हटलेलं आहे. आपण काम पुरून ठेवतो त्यामागे मत्सराइतकीच भीतीही असते, हे विसरू नका. आणि पाचाचे दहा करणाऱ्याला व दोनाचे चार करणाऱ्याला धनी जे बोलतो ते ताडून पाहा, मत्तय २५ मधली २१ वी आणि २३ वी ओवी. शाबासकी सारखीच आहे.

पाचवी पायरी : आपला आवाज ओळखा

मराठी ख्रिस्ती साहित्यात लक्ष्मीबाई टिळकांइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. नवरा नारायण वामन टिळक, नावाजलेला कवी. स्वतः लक्ष्मीबाईंना शाळा नाही, लिहिणं-वाचणं लग्नानंतर आलेलं. घरातच इतका मोठा कवी असताना हाती लेखणी धरायची म्हणजे तुलना रोजचीच. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं महाकाव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पण आज महाराष्ट्रभर, ख्रिस्ती नसलेल्या घरांतही, त्या वाचल्या जातात त्या त्यांच्या आठवणींमुळे. त्या आठवणींची भाषा घरातली, बोलण्यातली आहे. टिळकांच्या काव्याच्या भाषेशी ती स्पर्धा करत नाही, तिला त्याची गरजच पडत नाही.

गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांचीही आठवण इथे ठेवावी. मुंबईचं कलाशिक्षण सोडून ते बंगालला गेले, अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिकले, आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं. त्यांची मरिया साडी नेसलेली, इथल्या मातीतली आहे. युरोपीय चित्रांची सवय झालेल्या गोव्यातल्या काही धर्मगुरूंना ती रुचली नाही. फोन्सेकांनी युरोपीय मरियेशी बरोबरी करायची ठरवली असती तर आयुष्यभर ते दुय्यम नक्कल करत राहिले असते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. गोव्याला गेलात तर त्याची चौकशी जरूर करा.

आपला आवाज कसा ओळखायचा? तुमच्या आजवरच्या कामातून तीन अशा गोष्टी काढा ज्या करताना वेळेचं भान राहिलं नव्हतं, आणि तीन अशा ज्यांबद्दल कुणीतरी आपणहून येऊन सांगितलं की 'ह्याने मला आधार मिळाला'. दोन्ही याद्यांत समान काय आहे ते शोधा. विषय असेल, माणसं असतील, एखादी लय असेल. तिथे खणा.

सहावी पायरी : शिकणं चालू ठेवा

काहीजण तुलनेला घाबरून दुसऱ्यांचं काम बघणंच सोडतात. तो उपाय मला मान्य नाही. तसं केलं तर हात बोथट होतो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी मराठी संतांच्या ओवीत ख्रिस्ताची कथा रचली. १६१६ मध्ये ती राशोलला छापली गेली. दुसऱ्यांच्या काव्यछंदाकडे त्यांनी पाठ फिरवली असती तर हे घडलंच नसतं. जर्मन संगीतकार बाख वायमारमध्ये असताना त्याने इटालियन संगीतकार विवाल्डीच्या कितीतरी रचना आपल्या वाद्यांसाठी उतरवून काढल्या. उतरवता उतरवता तो घडला.

तुलनेत प्रश्न माझ्याबद्दल असतो : मी हिच्यापुढे कुठे उभा? शिकताना प्रश्न कामाबद्दल असतो : तिने ही जागा कशी घेतली, श्वास कुठे घेतला, समेवर येताना शब्द कसा सोडला? म्हणून एका वेळी एकच कृती निवडा, अर्धा तास द्या, एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर त्याच दिवशी आपल्या रियाजात करून पाहा. 'मी कुठे' हा प्रश्न डोकावला की बंद करा आणि आपल्या कामाला लागा.

पौल गलतीकरांस सांगतो की प्रत्येकाने स्वतःच्या कामाची परीक्षा करावी. ह्यासाठी जुनं काम तारीख घालून ठेवण्याची सवय लावा. मोबाइलवर रियाजाचं एक रेकॉर्डिंग महिन्यातून एकदा, चित्रांच्या पाठीमागे तारीख, कवितांचे कच्चे खर्डे फाडायचे नाहीत. सहा महिन्यांनी मागचं काढून ऐका, बघा. कुठे पुढे गेलो आणि कुठे अडलो, दोन्ही दिसतं. आपल्याकडे एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांपासून ग्रेडवर नजर ठेवायची सवय लागते, त्यामुळे असं स्वतःच्या कामाकडे बघणं सुरुवातीला कोरडं वाटेल. चिकाटी ठेवा.

सातवी पायरी : मोबाइलला वेळेचं कुंपण

कामाच्या आधी दुसऱ्यांचं काही बघायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी खूप फरक पडतो. सकाळी वचन, मग आपलं काम, मग इतर. इन्स्टाग्रामवर लाइक्सचे आकडे लपवण्याची सोय आहे, ती सुरू करा. आपल्याही पोस्टवर आणि दुसऱ्यांच्याही. ज्या माणसाचं काम पाहून सतत मन खाली जातं त्याला काही काळ म्यूट करण्यात पाप नाही, फक्त त्या काळात त्याच्यासाठी प्रार्थना चालू ठेवा. रविवारी उपासनेनंतर ग्रुपवर व्हिडिओ येऊ लागतात तेव्हा विशेष जपा. नुकतंच गायलेलं असतं, मन उघडं असतं, आणि कुणाच्या व्हिडिओखाली किती अंगठे आले हे मोजायला बोट आपोआप जातं. त्या दिवशी फोन संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवता आला तर ठेवा.

आठवी पायरी : ज्याचा हेवा वाटतो त्याला आशीर्वाद द्या

सगळ्यांत अवघड आणि माझ्या मते सगळ्यांत परिणामकारक पायरी हीच.

आधी उलट उदाहरण. १ शमुवेल १८ मध्ये स्त्रिया डफ वाजवत गातात : शौलाने हजार मारले, दाविदाने दहा हजार. एका गाण्याच्या ओळीने राजाचं आयुष्य नासलं. त्या दिवसापासून शौल दाविदाकडे डोळा ठेवून राहिला, असं शास्त्र म्हणतं. ह्याच दाविदाच्या वीणेने ह्याच शौलाला आधी शांती मिळत होती. दाविदाची कला त्याला मिळालेलं औषध होतं, आणि त्याने त्यावरच भाला उगारला. आपल्याला ज्याचा हेवा वाटतो तो कदाचित आपल्यासाठीच पाठवलेला असतो.

आता दुसरी बाजू. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या किशोराला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात संमेलनाध्यक्ष कीर्तिकरांनी 'बालकवी' ही पदवी दिली. हा मुलगा पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं केलं. टिळक फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून ओळखले जात, आणि हा तरुण निसर्गकवितेत त्यांच्याच अंगणात उतरला होता. वडीलधाऱ्या कवीने दार लावून घेतलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्याने घरात जागा दिली.

तुम्ही काय कराल? वहीतलं पहिल्या पायरीतलं नाव काढा. दोन आठवडे रोज त्या माणसासाठी प्रार्थना करा, आणि ती नेमकी असू द्या : त्याचा आवाज बरा राहो, त्याच्या घरात शांती असो, त्याच्या गीताने कुणाचं मन देवाकडे वळो. 'प्रभू, त्याला नम्र कर' ही प्रार्थना ह्यात धरत नाही. मग त्याला एक ठोस दाद द्या. 'छान झालं' नको. 'दुसऱ्या कडव्यात तुम्ही आवाज खाली आणलात तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं' असं. खोटं बोलू नका. खरोखर जे आवडलं तेच सांगा, काहीतरी असतंच. त्यापुढची पायरी म्हणजे तुमच्याकडे आलेलं एखादं काम, जे त्याला जास्त शोभेल, ते त्याच्याकडे पाठवणं. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, असं पौल रोमकरांना सांगतो. पुष्कळदा आनंद नंतर येतो, आज्ञापालन आधी करावं लागतं.

आणि तुमचाच कुणाला हेवा वाटत असेल तर? आपलं दान लपवून त्याचं समाधान होत नाही. त्याला सोबत घ्या, शिकवा, पुढे उभं करा. बसालेलाला शिकवण्याची बुद्धी त्यासाठीच दिली होती.

नववी पायरी : निवड झाली नाही तेव्हा

१७२२ मध्ये लाइप्झिगच्या सेंट थॉमस चर्चचं कॅन्टरपद, म्हणजे संगीतप्रमुखाचं पद, रिकामं झालं. नगरपरिषदेची पहिली पसंती संगीतकार टेलेमान होती. तो हॅम्बुर्गलाच राहिला. मग ग्राउप्नर; त्याला त्याच्या धन्याने सोडलं नाही. त्यानंतर, १७२३ मध्ये, बाखची नेमणूक झाली. तो तिसरा होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे गेल्यावर पहिल्या वर्षांत त्याने जवळजवळ दर रविवारी नवं कँटाटा, म्हणजे उपासनेत गायची मोठी संगीतरचना, उभं केलं. आपल्या हस्तलिखितांच्या सुरुवातीला तो कितीदा 'येशू, साहाय्य कर' अशा अर्थाची अक्षरं लिही आणि शेवटी 'केवळ देवाला गौरव' अशा अर्थाची. रविवार आला की मंडळीला गीत हवं असे, आणि ते लिहिणं हे त्याचं काम होतं.

नकार आला की तीन गोष्टी करा. एक दिवस वाईट वाटू द्या, त्या दिवशी कुणाला मोठे संदेश पाठवू नका. दुसऱ्या दिवशी निवड करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : पुढच्या वेळेसाठी मी काय सुधारू? आणि तिसऱ्या दिवशी चौथ्या पायरीतलं वाक्य काढून त्यातला पुढचा तुकडा करायला घ्या. ते काम नकारामुळे थांबलेलं नसतं.

दहावी पायरी : सोबत निवडा

योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे त्याचेच शिष्य कुरकुरत आले : गुरुजी, तो येशू बाप्तिस्मा करतोय आणि सगळे त्याच्याकडे चाललेत. तुलनेची ठिणगी कितीदा अशी आपल्या हितचिंतकांकडूनच येते! 'तुला का नाही दिलं गाणं? तू तर तिच्यापेक्षा चांगली गातेस.' बोलणाऱ्याचा हेतू प्रेमाचा असतो, पण ते बोलणं विष ठरतं. योहानाचं उत्तर पाठ करण्यासारखं आहे : स्वर्गातून दिल्याशिवाय माणसाला काही मिळू शकत नाही. तुम्हीही प्रेमाने विषय बदला.

दोन-तीन जणांची एक छोटी सहभागिता करा, शक्य तर वेगवेगळ्या कलांची. गाणारा, लिहिणारी, शिवणकाम करणारी असे एकत्र आले की स्पर्धा आपोआप मंदावते. महिन्यातून एकदा भेटा आणि अपुरं काम दाखवा, पुरं झालेलं नको. वाईट वाटलेलं बोला, एकमेकांसाठी प्रार्थना करा.

मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी थोडं

तुलनेचा बराच भाग व्यवस्थेतून येतो, म्हणून हेही सांगायला हवं. नाताळ आणि ईस्टरची एकल गीतं कोण गाणार ह्याचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला उघड लावा, त्यात नवखे आवाज ठरवून घाला. मुलांच्या चित्रस्पर्धेत क्रमांक देण्याऐवजी सगळी चित्रं महिनाभर सभागृहात लावा आणि प्रत्येक मुलाला त्याच्या चित्राबद्दल एक प्रश्न विचारा. वेदीवरून आभार मानताना माइकवर उभे राहणाऱ्यांबरोबर ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याचं, गीतांचे कागद टाइप करणाऱ्याचं, फुलं लावणाऱ्या बाईंचं नाव घ्या. आणि कुणाला काम नाकारायचं असेल तर ते समोर बसून, कारण देऊन नाकारा. आपलं नाव गायब झाल्याचं ग्रुपवर आलेल्या यादीतूनच कळण्याची वेळ कुणावर येऊ नये.